वाचनालय आणि स्थानिक संस्थांचे संयुक्त कार्यक्रम : मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या सार्वजनिक वाचनालयांचे कार्यवाह आणि ग्रंथपाल आम्हाला सतत प्रश्न पाठवतात. उत्सव मंडळं, बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ, शाळा आणि सोसायट्याही विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे दिलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. संयुक्त कार्यक्रम म्हणजे नेमकं काय? आम्ही हॉल भाड्याने देतोच, त्यात आणि यात फरक काय?

हॉल भाड्याने दिला की वाचनालयाचं काम किल्ली देण्यापुरतं आणि पावती फाडण्यापुरतं उरतं. संयुक्त कार्यक्रमात विषय, तारीख, वक्ता, खर्च आणि कोणाला बोलवायचं हे दोन्ही संस्था मिळून ठरवतात. पत्रिकेवर ‘यांच्या संयुक्त विद्यमाने’ असं छापलं की लोकांच्या लेखी दोघीही जबाबदार असतात. साउंड बंद पडला तरी आणि वक्ता भलतंच बोलला तरी.

नुसते पैसे देणारा तो प्रायोजक. कामात उतरतो, माणसं देतो, निर्णयात बसतो तो सहआयोजक. एकच संस्था दोन्ही असू शकते, पण कोण काय आहे हे आधी ठरवा. पुढचे बहुतेक वाद या एका गोष्टीवरून होतात.

आमचं ठाम मत आहे की कार्यक्रमाचा धागा पुस्तकांच्या कपाटापर्यंत पोहोचत नसेल, तर तो संयुक्त कार्यक्रम म्हणून करू नये. सरळ भाडं घ्यावं. मधुमेहावर व्याख्यान असेल तर आरोग्यावरची पुस्तकं दाराशी टेबलावर मांडलेली हवीत, सभासदत्वाचे अर्ज शेजारी हवेत आणि अर्ज भरून घ्यायला माणूस हवा.

२. आमचं वाचनालय दोन खोल्यांचं आहे. एवढ्याशा जागेत काय होणार?

बरंच काही होतं. ज्या वाचनालयाकडे जागा नाही त्यालाच भागीदाराची खरी गरज असते. शेजारच्या शाळेचा वर्ग शनिवारी दुपारी रिकामा असतो, सोसायटीची गच्ची असते, मंडळाचं ऑफिस असतं, व्यायामशाळेचा हॉल असतो. जागा त्यांची आणि पुस्तकं, विषय, वक्त्याची ओळख तुमची, ही वाटणी मुंबईत उत्तम चालते.

आतच करायचं असेल तर वीस-पंचवीस माणसांचा वाचनकट्टा करा. सतरंजी घाला आणि टेबलं भिंतीला लावा. जिना आणि दार मात्र मोकळं ठेवा. जुन्या इमारतीत लाकडी जिन्यावर चपलांचा ढीग आणि वर गर्दी असा प्रकार आम्ही पाहिला आहे, तो धोक्याचा आहे. माणसं जास्त येतील असं वाटलं तर नावनोंदणी घ्या.

३. भागीदार म्हणून कोणाकडे जायचं?

आधी चालत पाच मिनिटांच्या आतल्या संस्थांची यादी करा. ज्येष्ठ नागरिक संघ जवळजवळ प्रत्येक विभागात असतात. त्यांच्याकडे वेळ असतो, शिस्त असते आणि ते वेळेवर येतात. महिला बचत गट, शाळांचे पालक-शिक्षक संघ, नाट्यसंस्था, गिर्यारोहण आणि पक्षीनिरीक्षण करणारे गट, स्थानिक डॉक्टरांची संघटना, सार्वजनिक उत्सव मंडळं या सगळ्यांना कार्यक्रमासाठी विषय हवा असतो आणि तो तुमच्याकडे असतो.

महाविद्यालयाचं राष्ट्रीय सेवा योजनेचं पथक हा फारसा न वापरलेला पर्याय आहे. त्यातल्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास सेवाकार्य करायचं असतं. पुस्तकांना वेष्टण घालणं, मुलांना गोष्टी वाचून दाखवणं, कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या मांडणं, घरी बसून असलेल्या ज्येष्ठांपर्यंत पुस्तकं पोहोचवणं अशी कामं ते मनापासून करतात. कार्यक्रम अधिकारी प्राध्यापकांना जूनमध्येच भेटा, कारण वर्षाचं नियोजन तेव्हा होतं.

मोठ्या प्रमाणावर हे कसं दिसतं ते काळा घोड्याला पाहा. तिथल्या कला महोत्सवातले साहित्याचे कार्यक्रम डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या बागेत होत आले आहेत. एरवी त्या दारावरून नुसते जाणारे लोक त्यानिमित्ताने आत येतात. प्रमाण वेगळं असलं तरी तत्त्व तेच आहे.

४. कोणत्या तारखांना कार्यक्रम घ्यावेत?

ठरलेले दिवस असे आहेत: १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिल जागतिक पुस्तक दिन, १२ ऑगस्ट डॉ. रंगनाथन यांची जयंती म्हणजे ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन आणि १४ ते २० नोव्हेंबर ग्रंथालय सप्ताह.

पण २७ फेब्रुवारीला अख्ख्या मुंबईत प्रत्येक शाळा, बँक आणि ऑफिस वक्ता शोधत असतं. त्या दिवशी मोठं नाव मिळवण्यासाठी धावपळ करण्यापेक्षा त्याच आठवड्यातला दुसरा दिवस घ्या. वक्ता निवांत येतो आणि श्रोतेही येतात.

दादरच्या आसपासच्या वाचनालयांनी ६ डिसेंबरचा विचार जरूर करावा. महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीवर आणि शिवाजी पार्कात देशभरातून लोक येतात आणि पिशव्या भरभरून पुस्तकं घेऊन जातात. पुस्तकासाठी एवढी गर्दी या शहरात दुसऱ्या कुठल्या दिवशी दिसत नाही. तिथे काम करणाऱ्या संघटनांबरोबर पाणी, विसावा आणि वाचनकोपरा अशी सोय करणं हे वाचनालयाला शोभणारं काम आहे. त्याची बोलणी किमान दोन-तीन महिने आधी सुरू करावी लागतात.

५. आम्ही मंडळाचे कार्यकर्ते आहोत. वाचनालयाकडे प्रस्ताव घेऊन कसं जावं?

संध्याकाळी, वर्दळ कमी झाल्यावर, ग्रंथपालांना भेटा आणि त्यांच्याकडून कार्यवाहांची वेळ घ्या. सोबत एक पानी पत्र असू द्या. त्यात काय करायचं आहे, कोणासाठी, साधारण किती लोक, कोणती तारीख आणि तुम्ही काय देणार एवढं लिहा. निर्णय कार्यकारिणीच्या सभेत होतो आणि ती बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदाच असते. परवाच्या कार्यक्रमासाठी आज आलात तर नकार मिळेल आणि तो रास्त असेल.

६. सगळे ओळखीचे आहेत. लेखी करार लागतोच का?

लागतो. स्टॅम्पपेपर नको, दोन्ही संस्थांच्या लेटरहेडवर सह्या केलेलं एक पान पुरे. त्यात हे यायलाच हवं: कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ, जागा, कोणता खर्च कोण करणार, पैसे कोणाच्या खात्यात जमा होणार, परवानग्या कोण काढणार, पत्रिका आणि बॅनर कोण छापणार आणि छापण्याआधी कोण पाहणार, कार्यक्रम रद्द झाला तर आगाऊ दिलेल्या पैशांचं काय, हिशेब किती दिवसांत द्यायचा, आणि दोन्हीकडून बोलायला अधिकृत माणूस कोण.

या शेवटच्या गोष्टीकडे लोक दुर्लक्ष करतात. मग मंडळाचे चौघे चार वेगवेगळ्या गोष्टी सांगतात आणि ग्रंथपालांची पंचाईत होते. दोन्हीकडून एकेक नाव आणि फोन नंबर ठरवा. व्हॉट्सॲप ग्रुप करा, पण निर्णय झाला की तो या दोघांनी एका ओळीत लिहून पक्का करावा.

कार्यकारिणीच्या सभेत ठराव करून तो इतिवृत्तात नोंदवा. पदाधिकारी बदलतात, इतिवृत्त राहतं.

७. खर्च कसा वाटून घ्यायचा? निम्मा-निम्मा?

निम्मा-निम्मा सोपा वाटतो, पण बहुधा अन्यायाचा ठरतो. वाचनालयाकडे रोख कमी आणि जागा, कर्मचारी, विश्वास या गोष्टी जास्त असतात. त्यांनाही किंमत लावा.

समजा वक्त्याचं मानधन ५,००० रुपये, प्रवास १,०००, साउंड ४,०००, चहा-नाश्ता ३,६०० आणि बॅनर-छपाई २,४०० धरली. रोख खर्च झाला १६,०००. हॉलचं एरवीचं भाडं ६,००० असेल आणि तो वाचनालयाने दिला असेल, तर कार्यक्रमाची खरी किंमत २२,००० आहे आणि त्यातले ६,००० वाचनालयाने आधीच घातले आहेत. हे आकडे कागदावर मांडले की भागीदार संस्थेला ‘तुम्ही काय दिलं?’ असं विचारायची वेळ येत नाही.

बाबी वाटून घेणं रकमा वाटून घेण्यापेक्षा सोयीचं पडतं. मानधन आणि प्रवास एकाकडे, साउंड आणि चहा दुसऱ्याकडे. ज्याने त्याने आपलं बिल आपल्या नावावर घ्यायचं. एका संस्थेने सगळं भरून नंतर दुसरीकडे मागायचं, हा मार्ग शक्यतो टाळा.

८. शासनाच्या अनुदानातून कार्यक्रमाचा खर्च दाखवता येतो का?

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा आहे आणि अनुदानाचे नियम १९७० चे. मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गानुसार परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवण्यासाठीचं अनुदान, मिळतं. ते कशावर खर्च करायचं याचे निकष ठरलेले आहेत आणि लेखापरीक्षणात ते तपासले जातात. म्हणून पत्रिका छापण्याआधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी विचारा. तोंडी ‘चालेल’ ऐकून खर्च करू नका. भागीदार संस्थेचा चहा-नाश्ता आणि मंडप अनुदानाच्या पैशातून करू नये, हे मात्र कोणालाही विचारायची गरज नाही.

महाराष्ट्राच्या कायद्यात वेगळा ग्रंथालय कर नाही, त्यामुळे अनुदानाबाहेरचा पैसा वाचनालयांना स्वतःच उभा करावा लागतो. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांमध्ये चर्चासत्रं, कार्यशाळा, ग्रंथप्रदर्शनं यांसाठीही साहाय्य असतं. चौकशी ग्रंथालय संचालनालयामार्फत करावी. ते फोर्टला नगर भवनात, म्हणजे एशियाटिकच्या इमारतीतच आहे.

झालेल्या प्रत्येक कार्यक्रमाची नोंद, फोटो आणि उपस्थितीची वही वार्षिक अहवालासाठी जपा. वर्गवाढीच्या किंवा राज्य पुरस्काराच्या वेळी सगळं शोधत बसावं लागत नाही.

९. आमच्या भागातल्या एका कंपनीला सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, निधी द्यायचा आहे. घ्यावा का?

घ्यावा, पण कार्यक्रमासाठी मागू नका. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक ग्रंथालयं उभारणं हे काम स्पष्ट लिहिलेलं आहे. पण एका दिवसाचा सोहळा, पुरस्कार समारंभ असल्या सुट्या कार्यक्रमांवरचा खर्च सीएसआरमध्ये धरला जात नाही. आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्वही धरलं जात नाही. म्हणून प्रस्ताव वर्षभराचा द्या: बालविभागाची पुस्तकं, दर शनिवारी वाचनवर्ग, फिरती पेटी.

ज्या संस्थेच्या खात्यात हा निधी येणार तिची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी असावी लागते. तुमची नसेल आणि भागीदार संस्थेची असेल तर पैसे तिच्याकडे येतील. अशा वेळी प्रश्न ६ मधला कागद अधिक काटेकोर करा. कंपनीला बॅनरवर नाव हवं असेल आणि पैसे जाहिरात खर्चातून द्यायचे असतील, तर ते साधं प्रायोजकत्व झालं. त्यात गैर काही नाही, दोन्ही गोष्टी एकत्र करू नका इतकंच.

१०. आमची चाळ कमिटी नोंदणीकृत नाही. वाचनालयाबरोबर मिळून वर्गणी काढली तर चालेल?

कमिटीने स्वतःच्या नावाने पावतीपुस्तक छापून लोकांकडून पैसे गोळा करू नयेत. नोंदणीकृत नसलेल्यांना सार्वजनिक वर्गणी काढण्याआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवाच्या आधी मंडळं कलम ४१ क खाली परवानगी घेतात ती हीच. सोपा मार्ग म्हणजे वाचनालय नोंदणीकृत न्यास असेल तर पैसे वाचनालयाच्या खात्यात आणि पावती वाचनालयाची. कार्यकर्ते चाळीचे, घरोघर जाणं त्यांचं. पावतीपुस्तकाचे क्रमांक वहीत लिहून द्या आणि न वापरलेल्या पावत्यांसह परत घ्या.

११. ८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची, पावती कोणी द्यायची?

ज्या संस्थेला ती मान्यता आहे आणि जिच्या खात्यात पैसे आले, तिनेच. दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर आणि वस्तुरूपाने दिलेल्या देणगीवर देणगीदाराला ही करसवलत मिळत नाही, हे आधीच सांगा. म्हणजे पुस्तकं दिलेल्यांना मनापासून आभारपत्र द्या, ८०जी ची पावती नको.

१२. परवानग्या कोणकोणत्या?

वाचनालयाच्या आत, बिनतिकीट, साध्या व्याख्यानाला सहसा काही लागत नाही. तरी सोसायटीच्या इमारतीत असाल तर सचिवांना पत्र द्या. रस्ता, पदपथ, पालिकेचं मैदान किंवा उद्यान असेल तर वॉर्ड ऑफिस आणि स्थानिक पोलीस ठाणं, दोन्ही. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला पोलिसांची लेखी परवानगी हवी. रात्री १० ते सकाळी ६ बंद. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं. मुंबईत वाचनालयाच्या शेजारी शाळा असणं इतकं नेहमीचं आहे की हे आधी पाहिलेलं बरं. अर्ज कोणाच्या नावाने करायचा ते प्रश्न ६ मधल्या कागदात ठरलेलं असावं, कारण अटी मोडल्या तर जाब त्यालाच विचारला जातो.

१३. बॅनरवर कोणाचं नाव वर?

जागा आणि विषय ज्याचा त्याचं डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे, दोन्ही एकाच आकारात. प्रायोजक खाली आणि लहान अक्षरात. पदाधिकाऱ्यांचे फोटो नकोत. हे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण एकाचा आला की दहा येतात आणि वक्त्याचं नाव शोधावं लागतं.

१४. नगरसेवक किंवा आमदार मदत करायला तयार आहेत. त्यांचं नाव घालावं का?

लोकप्रतिनिधी सगळ्या विभागाचे असतात. त्यांना पाहुणे म्हणून बोलवण्यात काही वावगं नाही. पक्षाचं चिन्ह, झेंडा, पक्षाच्या रंगातला बॅनर आणि घोषणा यांना मात्र वाचनालयाच्या दारात जागा नाही. वाचनालयात सगळ्या पक्षांचे मतदार शेजारी शेजारी बसून वर्तमानपत्र वाचतात. उद्या त्यातल्या कोणालाही ‘हे आपलं नाही’ असं वाटलं, तर ते नुकसान कुठल्याच देणगीने भरून येत नाही.

आचारसंहिता लागू असताना उमेदवार किंवा पदाधिकारी मंचावर नकोत. कार्यक्रम आधी ठरला असेल तर तो वक्त्यापुरता ठेवा किंवा पुढे ढकला. जाहीर झालेल्या निवडणुकीच्या काळात सभागृह राजकीय बैठकीसाठी मागितलं गेलं, तर तो संयुक्त कार्यक्रमाचा प्रश्न राहत नाही. निवडणूक कार्यालयाचे नियम पाहूनच निर्णय घ्या.

१५. गणेशोत्सव मंडळाबरोबर कार्यक्रम केला तर वाचनालय धार्मिक झालं असं होईल का?

नाही. मंडपात दहा दिवस रोज हजारो माणसं येतात आणि रांगेत उभी असतात. तिथे मुलांसाठी पुस्तकपेटी, निबंध आणि अभिवाचन स्पर्धा, जुन्या गिरणगावाच्या फोटोंचं प्रदर्शन असं काहीही करता येतं. फुलं-नारळाऐवजी वह्या-पुस्तकं आणा असं आवाहन काही मंडळं करतातच. ती पुस्तकं निवडायचं काम वाचनालयाकडे घ्या, नाहीतर रद्दीचं ओझं पदरी पडतं.

दोन अटी ठेवा. वाचनालयाचा भाग सर्व धर्मांच्या लोकांसाठी खुला असावा, आणि हेच सहकार्य मोहल्ला समितीने, चर्चच्या युवक गटाने किंवा बुद्धविहाराने मागितलं तर तेही त्याच अटींवर द्यावं. तसं देण्याची तयारी असेल तरच हो म्हणा.

१६. कोणाचे पैसे घेऊच नयेत?

तंबाखू आणि गुटख्याच्या कंपन्यांचे. २००३ च्या कायद्यानेच तंबाखूच्या प्रायोजकत्वाला बंदी आहे. त्याच नावाने ‘माउथ फ्रेशनर’ विकणाऱ्यांनाही नकार द्या.

खाजगी क्लासवाले पुष्कळ विचारतात. त्यांच्या शिक्षकाचं करिअर मार्गदर्शन चालेल, पण आलेल्या मुलांचे फोन नंबर त्यांना मिळणार नाहीत हे लिहून घ्या. त्यांना बहुधा तेवढंच हवं असतं. तुमच्याच इमारतीच्या पुनर्विकासात ज्याचा संबंध आहे अशा बिल्डरकडून बोलणी चालू असताना काहीही घेऊ नका, साधा चहासुद्धा.

१७. प्रकाशक आमच्याबरोबर पुस्तक प्रदर्शन लावतो म्हणतो. विक्रीतला वाटा घेता येईल का?

येतो. पैशांऐवजी पुस्तकं मागितली तर जास्त फायदा होतो. विक्रीच्या ठरावीक टक्क्यांइतकी पुस्तकं, तीही तुमच्या ग्रंथपालांनी निवडलेली, असा करार करा. प्रकाशकाने उरलेला साठा खपवला असं व्हायला नको. नवोदित लेखकांच्या प्रकाशन समारंभालाही हीच पद्धत लावा. चार प्रती वाचनालयाला आणि कार्यक्रमात निदान अर्धा तास वाचन. फक्त सत्कार आणि भाषणं असतील तर हॉलचं भाडं घ्या.

१८. नाटक, अभिवाचन किंवा सिनेमा दाखवायचा असेल तर हक्कांचं काय?

प्रकाशित पुस्तकातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायला कायद्याची हरकत नाही. हौशी संस्थेने विनामूल्य प्रेक्षकांपुढे साहित्यकृती किंवा नाट्यकृती सादर केली तर त्यालाही सवलत आहे. पण तिकीट किंवा देणगी प्रवेशिका लावली, किंवा व्यावसायिक संच आणला, की ही सवलत संपते आणि लेखकाची किंवा वारसांची परवानगी लागते. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क टिकतात, ती उलटली की प्रश्न उरत नाही. सवलत असतानाही लेखकाला एक पत्र टाकावं असं आम्हाला वाटतं. वाचनालयानेच लेखकाचा मान राखला नाही तर कोण राखणार? रंगमंचावर पूर्ण प्रयोग असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित झालेली आहे का ते पाहा.

सिनेमाचं गणित वेगळं. हौशी संस्थेची सवलत चित्रपटाला नाही. कोणाच्या तरी मोबाइलवरचं ओटीटी खातं हे घरी पाहण्यासाठी असतं, ते प्रोजेक्टरला जोडून पन्नास जणांना दाखवणं गैर आहे. निर्मात्याकडून किंवा वितरकाकडून लेखी परवानगी घ्या. फिल्म सोसायटी भागीदार असेल तर तिला ही वाट माहीत असते. माहितीपटाचे दिग्दर्शक बहुधा आनंदाने हो म्हणतात आणि चर्चेलाही येतात.

१९. मुलांचे फोटो आम्ही आणि शाळा दोघेही टाकतो. काही अडचण?

पालकांची लेखी संमती घ्या, आणि ती दोन्ही संस्थांच्या नावाने. नावनोंदणीच्या अर्जावरच एक रकाना ठेवा. नकार दिलेल्या मुलाला फोटोच्या वेळी बाजूला उभं करू नका. फोटो मागून किंवा दुरून घ्या.

२०. दृष्टिहीन वाचकांसाठी काही करता येईल का?

नक्की करा, मुंबईत यासाठी जाणकार भागीदार आहेत. वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं कार्यालय आहे. १९५२ पासून काम करणारी ही संस्था ब्रेल आणि बोलकी पुस्तकं तयार करते. मराठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करायला चांगले वाचक लागतात आणि तुमच्या सभासदांत ते असतात. स्वच्छ उच्चार असलेले निवृत्त शिक्षक शोधा. अपंग व्यक्तींसाठी अशा स्वरूपात पुस्तक तयार करायला कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, पण ती प्रत सर्वांसाठी इंटरनेटवर टाकता येत नाही. कार्यक्रम पहिल्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल तर तो तळमजल्यावर घ्या, शेजाऱ्यांकडे जागा मागावी लागली तरी.

२१. पाऊस, मेगाब्लॉक, वक्ताच आला नाही. मग?

जून ते सप्टेंबर मोठा कार्यक्रम ठेवताना भरतीचं वेळापत्रक पाहा. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की सखल भागात पाणी साचतं आणि लोकल थांबते. रद्द करायचं की नाही हे सुरू होण्याच्या चार तास आधी ठरवायचं आणि दोन्ही अधिकृत माणसांनी मिळून ठरवायचं, असा नियम ठेवा. स्मार्टफोन नसलेल्या ज्येष्ठ सभासदांना फोन करायची यादी वेगळी असू द्या, नाहीतर तेच भिजत येतात.

रविवारी दिवसा मेगाब्लॉक असतो. कल्याणहून किंवा पनवेलहून येणाऱ्या वक्त्याला रविवारी सकाळी अकराला बोलवू नका, संध्याकाळी साडेपाच बरी. वक्ता अडकला तर हाताशी दुसरा बेत हवा. त्याच विषयावरच्या पुस्तकातले उतारे निवडून ठेवा, दोन चांगले वाचणारे सभासद तयार ठेवा. अशा संध्याकाळी कधी कधी ठरलेल्या व्याख्यानापेक्षाही छान होतात.

२२. परदेशी वकिलातीच्या सांस्कृतिक विभागाने निधी देऊ केला आहे. घेता येईल का?

परदेशी योगदानाच्या २०१० च्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय नाही. वकिलातीचं ऑफिस मुंबईत असलं आणि पैसे रुपयांत आले तरी ते परदेशी योगदानच. भागीदार संस्थेकडे ती नोंदणी आहे म्हणून तिने पैसे घेऊन तुमच्याकडे वळवावेत, हेही चालत नाही. त्यांचा लेखक बोलायला येणार असेल तर आनंदाने बोलवा, पैशाच्या आणि वस्तूंच्या बाबतीत मात्र आधी सनदी लेखापालाचा लेखी सल्ला घ्या.

२३. वक्त्याच्या विचारांना आक्षेप घेऊन भागीदार संस्था ऐन वेळी माघार घेते आहे.

विषय आणि वक्ता दोघांनी मिळून ठरवले होते का ते आधी पाहा. ठरवले असतील तर त्यांना नाव काढून घेण्याचा हक्क आहे, कार्यक्रम बंद पाडण्याचा नाही. खर्चाचं काय ते प्रश्न ६ मधला कागद सांगेल. वाचनालयाच्या कपाटात परस्परविरोधी मतांची पुस्तकं एकाच फळीवर असतात, मंचालाही तोच नियम लावावा. धमकी किंवा गोंधळाची शक्यता असेल तर पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि कर्मचाऱ्यांना एकटं सोडू नका. कार्यकारिणीने त्या दिवशी स्वतः हजर राहावं.

२४. कार्यक्रम छान झाला, पण दुसरी संस्था हिशेबच देत नाही.

पंधरा दिवस वाट पाहा, मग पत्र, मग स्मरणपत्र, दोन्ही पोच घेऊन. तोपर्यंत तुमच्या बाजूचा हिशेब बिलांसह त्यांच्याकडे पाठवून द्या, म्हणजे तुमच्यावर बोट येत नाही. प्रायोजकाचे पैसे त्यांच्या खात्यात गेले असतील तर प्रायोजकालाही प्रत पाठवा. रक्कम मोठी असेल आणि ती संस्था नोंदणीकृत न्यास असेल तर धर्मादाय कार्यालयाकडे तक्रार करता येते, पण बहुतेक वेळा गोष्ट तिथवर जात नाही. विभागातल्या दोन्हीकडे मान असलेल्या ज्येष्ठ व्यक्तीने दोघांना समोरासमोर बसवलं की कागद निघतात. हिशेब पूर्ण होईपर्यंत त्या संस्थेबरोबर पुढची तारीख देऊ नका.